रोहित्रातील कागद

(ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक व क्षेत्रीय कर्मचारी यांच्या अभ्यासवर्गातील भाषण)

गावातील रोहित्र जळाले म्हणजे नेमके काय जळते, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. रोहित्र जळाले एवढे सांगितले की पुरते, कारण त्यापुढच्या अडचणी सर्वांना ठाऊक असतात. नळयोजनेचा पंप थांबतो, पिठाची गिरणी बंद पडते, ऐन रब्बीत गव्हाची पाण्याची पाळी चुकते आणि दुसरे रोहित्र येईपर्यंत सरपंचापासून शाखा अभियंत्यापर्यंत कोणालाच स्वस्थता नसते. परंतु अशा रोहित्राची टाकी उघडून पाहिली, तर तिच्यातील लोखंडी गाभा बहुधा शाबूत आढळतो. तांब्याची किंवा ॲल्युमिनियमची तारही बरीचशी जागच्या जागी असते. नाहीसा झालेला असतो तो त्या तारेवर गुंडाळलेला कागद.

रोहित्रात कागद असतो, हेच अनेकांना नवल वाटेल. खेड्यात तर याला कोणी रोहित्र म्हणतही नाही. तो ‘डीपी’ असतो आणि त्यात तेल असते, एवढीच त्याची ओळख. तेलाची ओळख होण्याचे कारणही फारसे भूषणावह नाही, कारण तेलाची चोरी होते. कागदाची चोरी कोणी करीत नाही, म्हणून त्याचे नावही कोणाच्या तोंडी नसते. तरीसुद्धा रोहित्राचे आयुष्य म्हणजे त्यातील कागदाचे आयुष्य होय, असे जगभरचे विद्युत अभियंते मानतात. तेल बदलता येते, गाळता येते, पुन्हा भरता येते. वेटोळ्यावरचा कागद मात्र ते वेटोळे आहे तोवर बदलता येत नाही.

उच्च दाबाची किंमत

वीज दूर न्यावयाची तर तिचा दाब वाढवावा लागतो. तारेत उष्णतेच्या रूपाने वाया जाणारी शक्ती प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. दाब दुप्पट केला की तेवढ्याच शक्तीसाठी प्रवाह निम्मा पुरतो आणि नुकसान एक चतुर्थांशावर येते. टाटांच्या खोपोली येथील जलविद्युत केंद्रातून १९१५ मध्ये मुंबईला वीज मिळू लागली, तेव्हापासून महाराष्ट्रात हा दाब चढतच गेला आहे. चंद्रपूरहून ठाणे जिल्ह्यातील पडघ्यापर्यंत ७५२ किलोमीटर अंतर तोडणारी, १९९९ मध्ये कार्यान्वित झालेली एकदिश विद्युतवाहिनी ५०० किलोव्होल्टच्या अधिक-उणे दाबावर चालते. या अजस्र वाहिन्यांपासून शेतातल्या ११ हजार व्होल्टच्या वाहिनीपर्यंत सर्वत्र एकच पथ्य पाळावे लागते: वीज जिथे जावयास हवी तिथेच जावी, अन्यत्र जाऊ नये. तारेतून वीज नेणे हे काम धातू करतो आणि ते तो बिनतक्रार करतो. तिला अडवून धरण्याचे काम विद्युतरोधक द्रव्यांना करावे लागते, आणि उच्चदाब यंत्रे बिघडतात ती बव्हंशी या अडवणाऱ्यांच्या दुबळेपणामुळे.

उघड्यावर हे काम हवा करते. समुद्रसपाटीवरील कोरडी हवा एका मिलिमीटर अंतरात सुमारे ३ हजार व्होल्टचा ताण सोसते. त्यापुढे ठिणगी पडते. खांबावरील तार आणि खांब यांच्यामध्ये चिनी मातीचा, काचेचा किंवा अलीकडे सिलिकॉन रबराचा इन्सुलेटर बसवितात. त्याच्या कडांना छत्रीसारख्या घड्या असतात. त्या शोभेच्या नव्हेत. पृष्ठभागावरून सरपटत जाणाऱ्या विजेची वाट लांब व्हावी आणि पावसातही तिचा काही भाग कोरडा राहावा, म्हणून त्या असतात. अतिशय धूळ वा क्षार असलेल्या प्रदेशात दर किलोव्होल्टमागे २५ मिलिमीटर, काही ठिकाणी ३१ मिलिमीटर लांबीची वाट ठेवावी, असे मान आहे. ४०० किलोव्होल्टच्या वाहिनीचा कमाल दाब ४२० किलोव्होल्ट धरतात. म्हणजे २५ च्या हिशेबाने इन्सुलेटरच्या माळेवरील ही वाट साडेदहा मीटर भरते.

येथे एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. कोकणातल्या खाऱ्या वाऱ्याने आलेले मीठ असो की सिमेंटची धूळ असो, कोरडी असेपर्यंत ती निरुपद्रवी असते. मुसळधार पाऊस तर ती धुऊनच काढतो. घात होतो तो दवाने, धुक्याने आणि पहिल्या भुरभुर सरीने. कारण तेव्हा धूळ भिजते, पण वाहून जात नाही. हिवाळ्यातील पहाटे वीजवाहिन्या अकारण खंडित झाल्यासारख्या वाटतात, त्यामागे पुष्कळदा एवढेच कारण असते. खांबावरील इन्सुलेटरवर नेम धरून दगड मारणे हा पोरांचा खेळ जुना आहे. उडालेला टवका वरून लहान दिसतो, पण त्या ठिकाणी विजेची वाट आखूड झालेली असते. शाळेत एकदा एवढे समजावून सांगितले, तर ते पुष्कळ झाले.

कागद आणि तेल यांची जोडी

रोहित्राच्या आत इतकी ऐसपैस जागा नसते. ११ हजार व्होल्टचे वेटोळे आणि ४३३ व्होल्टचे वेटोळे काही मिलिमीटरच्या अंतराने एकमेकांना वेढून बसलेले असतात. तेथे हवेवर विसंबून चालत नाही. म्हणून तारेवर कागदाच्या पट्ट्या गुंडाळतात, वेटोळ्यांमध्ये पुठ्ठ्याच्या नळ्या व पट्ट्या घालतात आणि सर्व काही खनिज तेलात बुडवितात. हा कागद लाकडाच्या लगद्यापासून केलेला, चिवट, तपकिरी रंगाचा असतो. सिमेंटच्या जुन्या कागदी पिशव्यांशी त्याचे नाते जवळचे आहे.

दोघांपैकी एकट्याने हे काम होत नाही. कोरडा कागद सच्छिद्र असतो आणि त्याच्या छिद्रांत हवा असते. उच्चदाबाचा एक विलक्षण नियम असा, की थरांमधील जो थर सर्वांत दुबळा, त्याच हवेच्या पोकळीवर ताण अधिक पडतो. त्या पोकळीत सूक्ष्म ठिणग्या पडू लागतात. डोळ्यांना त्या दिसत नाहीत, पण भोवतालचा कागद त्या कणाकणाने कुरतडीत राहतात. तेल ही छिद्रे भरून काढते. उलट नुसत्या तेलात तरंगणारे तंतू आणि कण विजेच्या ओढीने रांगेत उभे राहून पूल बांधतात. कागद-पुठ्ठ्याचे पडदे हा पूल मध्येच तोडतात. शिवाय तेल वेटोळ्यातील उष्णता टाकीच्या भिंतींपर्यंत आणि बाहेरच्या नळ्यांपर्यंत वाहून नेते. ही जोडी शंभर वर्षांहून अधिक काळ टिकून आहे. तिच्या जागी पुढे आलेल्या पर्यायांपैकी सल्फर हेक्झाफ्लोराइड या वायूने शहरांतील आटोपशीर उपकेंद्रे शक्य केली खरी, परंतु हा वायू वातावरणात निसटल्यास कार्बन डायऑक्साइडच्या २३ हजारांहून अधिक पट उष्णता कोंडतो, आणि आता त्यालाच पर्याय शोधण्याचे काम चालू आहे.

तेलाची परीक्षा सोपी असते. दोन गोलाग्रांमध्ये २.५ मिलिमीटर अंतर ठेवून ते तेलात बुडवितात आणि ठिणगी पडेपर्यंत दाब वाढवीत नेतात. भारतीय मानकाप्रमाणे नव्या, न गाळलेल्या तेलाने किमान ३० किलोव्होल्ट सोसले पाहिजेत. निर्वातात गाळून सुकविलेले तेल ६० किलोव्होल्टच्याही पुढे जाते. मात्र या परीक्षेत उत्तीर्ण झालेल्या तेलामुळे रोहित्र निरोगी आहे, असा जो समज आढळतो तो अपुरा आहे. त्याचे कारण पाण्यात आहे.

पाणी कोठे असते

कागदाला पाण्याची ओढ असते आणि तेलाला नसते. पावसाळ्यात बरणीतले मीठ ओलसर होते, पापड मऊ पडतो, पण शेजारच्या बाटलीतल्या तेलाला काही होत नाही. तसाच हा प्रकार. ताज्या खनिज तेलात २० अंश सेल्सिअसला दहा लाख भागांत जेमतेम ४०-५० भाग पाणी विरघळते. उरलेले सारे पाणी कागदात शिरते. हिशेब करून पाहावा. एखाद्या मोठ्या उपकेंद्रातील रोहित्रात ५० टन तेल आणि १० टन कागद-पुठ्ठा आहे असे धरू. तेलात दहा लाखांत २० भाग पाणी असेल, तर ते एकूण अवघे १ किलो भरते. कागदात २ टक्के ओलावा असेल, तर तो २०० किलो, म्हणजे २०० लिटर होतो. तेल कितीही गाळले तरी निघते ते वरवरचे. कागद आपल्या साठ्यातून पुन्हा तेलाला पाणी देत राहतो. म्हणून मोठ्या रोहित्रांचे तेल तापवून, निर्वातात, दिवसचे दिवस फिरवीत ठेवावे लागते.

नव्या रोहित्रातील कागद कारखान्यात उष्णता आणि निर्वात यांच्या साहाय्याने अर्ध्या टक्क्याच्या आत ओलावा राहील इतका सुकवितात. त्यानंतर कागदातील ओलावा जितक्या वेळा दुप्पट होतो, तितक्या वेळा त्याचे उरलेले आयुष्य साधारण निम्मे होते. हे पाणी आत जाते कसे? रोहित्र श्वास घेते. दुपारी भार वाढला की तेल तापून फुगते आणि वरची हवा बाहेर ढकलते. रात्री तेल निवले की बाहेरची हवा आत ओढली जाते. दर १०० लिटर तेलामागे ४० अंशांच्या फरकाने सुमारे ३ लिटर हवेची अशी ये-जा होते. आषाढातली हवा आत गेली तर तिच्याबरोबर पाणीही गेलेच.

या श्वासाच्या वाटेवर एक लहानसे काचपात्र बसविलेले असते. त्याला ब्रीदर म्हणतात. त्यातील सिलिका जेलचे खडे हवेतील बाष्प शोषून घेतात. हे खडे कोरडे असताना निळे असतात आणि भिजले की गुलाबी होतात. कोबाल्टविरहित नव्या प्रकारात नारिंगी खडे भिजल्यावर हिरवट किंवा फिके होतात. पात्राच्या तळाशी थोडे तेल असते, ते हवेतील धूळ अडविते. लक्षावधी रुपयांच्या यंत्राचे भवितव्य मूठभर खड्यांच्या रंगावर अवलंबून असावे, ही गोष्ट गंमतीची वाटते, पण ती खरी आहे. कुंपणाबाहेर उभे राहूनही हा रंग दिसतो. सर्वच रोहित्रांना ब्रीदर असतो असे मात्र नाही. वितरणाची अनेक लहान रोहित्रे आता पूर्ण बंदिस्त केलेली असतात आणि ती श्वास घेत नाहीत. त्यांच्या बाबतीत टाकीला तडा जाणे, झाकणाचा रबरी पट्टा सुटणे किंवा कोणी तेल काढण्यासाठी झडप उघडणे, हाच पाण्याचा प्रवेशमार्ग ठरतो. चोरीने जाते ते केवळ तेल नव्हे. तेलाची पातळी खाली गेली की वेटोळ्याचा वरचा भाग उघडा पडतो, आणि सर्वांत तापणारा भाग नेमका तोच असतो.

उष्णतेचा हिशेब

तालुक्याच्या अभिलेख कक्षात जुनी दप्तरे हाताळणाऱ्या कर्मचाऱ्यांना कागदाचे म्हातारपण चांगले परिचित आहे. पिवळा पडलेला उतारा घडीवर तुटतो. अक्षर वाचता येते, पण कागद उचलता येत नाही. रोहित्रात हेच घडते, फक्त फार वेगाने. कागदाचे तंतू म्हणजे ग्लुकोजच्या कड्यांच्या लांब साखळ्या असतात. नव्या कागदात एका साखळीत सरासरी हजाराच्या आसपास कड्या असतात. उष्णता, पाणी आणि तेलात तयार होणारी आम्ले त्या तोडीत जातात, आणि ही संख्या २०० पर्यंत उतरली की कागदाचे आयुष्य संपले असे समजतात. तुटताना या साखळ्या स्वतःही पाणी निर्माण करतात, ते पाणी आणखी कड्या तोडते; अशा रीतीने ऱ्हासाचा वेग वाढत जातो.

साध्या कागदासाठी वेटोळ्यातील सर्वांत उष्ण जागेचे तपमान ९८ अंश सेल्सिअस धरून सर्वसाधारण आयुष्य मोजतात. त्यापुढे दर ६ अंशांना झीज दुप्पट होते. १०४ अंशांवर चालणारे रोहित्र एका वर्षात दोन वर्षांचे होते आणि ११० अंशांवर चार वर्षांचे. आणि वेटोळ्यातील उष्णता प्रवाहाच्या वर्गाप्रमाणे वाढत असल्यामुळे दीडपट प्रवाह म्हणजे सव्वादोनपट उष्णता. १०० केव्हीएच्या रोहित्रावर आकडे टाकून आणखी पंप चालविले जातात, फ्यूज वितळते म्हणून तिच्या जागी जाड तार अडकविली जाते, आणि त्या दिवसापुरते सर्वांचे काम भागते. कागदाच्या खात्यावर मात्र त्याची नोंद होते.

येथे सर्वांत महत्त्वाची, आणि सर्वांत कमी सांगितली जाणारी गोष्ट येते. जीर्ण झालेला कागद वीज अडविण्याचे सोडीत नाही. त्याची विद्युतरोधक शक्ती बरीचशी टिकून असते. गेलेली असते ती चिवटपणाची शक्ती. दप्तरातला उतारा जोपर्यंत कोणी उचलीत नाही तोपर्यंत अखंड दिसतो, तसे हे रोहित्र मुकाट्याने चालू राहते. मग एक दिवस धक्का बसतो. वाहिनीवर फांदी पडते, वादळात तारा एकमेकींना लागतात, किंवा तास-दोन तासांनी वीज परत येते आणि पन्नास विहिरींवरचे ऑटोस्विच एकाच क्षणी पन्नास पंप सुरू करतात. सुरू होताना मोटार नेहमीच्या पाच-सहापट प्रवाह ओढते. वेटोळ्यावर येणारा यांत्रिक रेटाही प्रवाहाच्या वर्गाने वाढतो. तार किंचित हलते, ठिसूळ कागद तडकतो, दोन वेढे एकमेकांना भिडतात, आणि पुढे काय होते ते गाव पाहते. दोष त्या दिवसाच्या फांदीला किंवा वायरमनला दिला जातो. रोहित्र मात्र त्यापूर्वीच दोन-तीन उन्हाळ्यांत संपलेले असते.

यावर उपाय नाहीत असे नव्हे. पंपाला योग्य क्षमतेचा कपॅसिटर जोडून शक्तिगुणक ०.७ वरून ०.९५ पर्यंत आणला, तर तेवढ्याच कामासाठी लागणारा प्रवाह सुमारे एक चतुर्थांशाने कमी होतो. ऑटोस्विच काढून एकामागून एक पंप सुरू करण्याची व्यवस्था एखाद्या रोहित्रावरील शेतकऱ्यांनी आपसात ठरविली, तर तिला खर्च काहीच येत नाही. रात्री-अपरात्री विहिरीवर जाण्याचा त्रास वाचविण्यासाठीच ऑटोस्विच आला, हे नाकारता येणार नाही. म्हणून नुसती बंदी घालून हा प्रश्न सुटत नाही. वीज आल्यानंतर ठरावीक मिनिटांनी पंप सुरू करणारी विलंबाची साधने मिळतात, आणि प्रत्येक विहिरीचा विलंब निराळा ठेवला की पन्नास धक्क्यांचा एक धक्का होत नाही.

तपासणी आणि गावाचा वाटा

मोठ्या रोहित्रांचे तेल वैद्याने नाडी पाहावी तसे पाहिले जाते. आत सूक्ष्म ठिणग्या पडत असतील तर तेलात हायड्रोजन सापडतो, प्रखर ठिणगी असेल तर ॲसिटिलीन, आणि कागद तापत असेल तर कार्बन मोनॉक्साइड व कार्बन डायऑक्साइड. कागदाच्या साखळ्या तुटताना फुरफुरल नावाचे द्रव्य तेलात उतरते. त्याच्या प्रमाणावरून टाकी न उघडता कागदाचे वय अजमावता येते. माक्स बुखहोल्ट्स या जर्मन अभियंत्याने १९२१ मध्ये वायूचे बुडबुडे ओळखून इशारा देणारे जे साधन योजिले, ते आजही मोठ्या रोहित्रांवर त्याच्याच नावाने बसविले जाते. भारतातील अशा उपकरणांच्या संशोधनासाठी व परीक्षणासाठी १९६० मध्ये बंगळूर येथे केंद्रीय विद्युत संशोधन संस्था स्थापन झाली.

शेतातल्या लहान रोहित्राला एवढी चैन परवडत नाही. त्याच्यासाठी डोळे हीच प्रयोगशाळा. राज्य वीज मंडळाचे २००५ मध्ये विभाजन झाल्यापासून हे काम बहुतांश भागात महावितरणकडे आहे, आणि रोहित्राला हात लावण्याचा अधिकार फक्त तिच्या कर्मचाऱ्यांचा. वीज गेलेली असली तरीही इतर कोणी कुंपणाच्या आत जाऊ नये. कोणाच्या घरच्या जनित्रातून वा इन्व्हर्टरमधून उलट्या वाटेने आलेली वीज तारेत असू शकते. परंतु कुंपणाबाहेरच्या पुष्कळ गोष्टी ग्रामपंचायतीच्या हातातल्या आहेत. रोहित्राखाली कचरा टाकणे आणि तो तेथेच पेटविणे हा प्रकार किती गावांत चालतो! ज्या खनिज तेलाची वाफ सुमारे १४० अंशांना पेट घेऊ शकते, त्याच्या टाकीखाली जाळ करणे म्हणजे काय, हे वेगळे सांगावयास नको. पावसाळ्यात वेली ताणतारेवरून चढत थेट बुशिंगपर्यंत पोचतात. त्या जमिनीलगत कापल्या तर वर चढत नाहीत. टाकीच्या अंगावर तेलाचे ओघळ दिसले, बुशिंगच्या कडेचा टवका उडालेला दिसला, ब्रीदरमधील खडे गुलाबी झाले, किंवा रात्री इन्सुलेटरवर निळसर ठिणग्यांचा चरचर आवाज आला, तर त्याच दिवशी शाखा कार्यालयात नोंद करावी. तक्रारीत केवळ ‘डीपी खराब’ असे न लिहिता रोहित्राचा क्रमांक, दिसलेली खूण आणि तारीख लिहिली, तर ती तक्रार अभियंत्याच्या अधिक उपयोगी पडते.

दुरुस्त होऊन परत आलेले रोहित्र लगेच पुन्हा जळते, ही तक्रार वारंवार ऐकू येते. त्याचे कारण पुष्कळदा सुकविण्यातील घाईत असते. नवा कागद गुंडाळून, भट्टीत नीट न तापविता, न गाळलेले तेल भरून ठरलेल्या दिवशी रोहित्र धाडले, तर दुरुस्तीबरोबरच ओलावाही आत जातो. वेटोळ्यांच्या रोधाचे माप आणि तेलाच्या परीक्षेचा आकडा या दोन नोंदी अशा रोहित्राबरोबर असाव्यात; त्या नसतील तर विचारणा करण्यास हरकत नाही.

खनिज तेलाऐवजी वनस्पतिज तेले वापरण्याकडेही आता कल आहे. त्यांचा ज्वलनबिंदू ३०० अंशांहून वर असतो आणि ती खनिज तेलापेक्षा कितीतरी अधिक पाणी स्वतःत सामावून घेतात, त्यामुळे कागद कोरडा राहून अधिक टिकतो. ही तेले महाग आहेत आणि हवेच्या सततच्या संपर्कात ती लवकर घट्ट होतात. म्हणून त्यांना बंदिस्त टाकीच लागते. दाट वस्तीतील, रुग्णालयालगतच्या किंवा शाळेच्या आवाराजवळच्या रोहित्रांपासून त्यांचा आरंभ करणे सोयीचे ठरेल.